चार्ल्सटनला जाताय? आधी भरतीचं कोष्टक बघा

साउथ कॅरोलायनामधल्या चार्ल्सटनच्या सहलीबद्दल बरीच पत्रं आली. सारखेच प्रश्न एकत्र करून इथे घेतले आहेत. शहराची थोडक्यात ओळख अशी: ॲश्ली आणि कूपर या दोन नद्यांच्या मधे जिभेसारखी पुढे गेलेली सखल जमीन आणि समोर बंदर. १६७० मध्ये ॲश्लीच्या पलीकडच्या काठावर वसलेलं गाव दहा वर्षांनी या जिभेवर आलं. तेव्हापासून इथे घर कुठे बांधायचं, रस्ता कधी बंद होणार हे सगळं पाणीच ठरवत आलंय. तुमच्या सहलीचंही थोडंफार तेच ठरवेल.

प्रश्न: ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात चार दिवस जायचं आहे. ऊन कमी असतं असं ऐकलं. हॉटेल घेण्याआधी काही तपासायला हवं का?

हो, भरतीचं कोष्टक.

ऑक्टोबरची हवा खरंच छान असते. पण वर्षातल्या मोठ्या उधाणाच्या भरत्याही साधारण सप्टेंबर ते नोव्हेंबर याच काळात येतात. चार्ल्सटनला भरती-ओहोटीत सरासरी पाच फुटांचा फरक पडतो. रोजची भरती मोजपट्टीवर साडेपाच फुटांच्या आसपास जाते आणि सात फूट झाले की सखल रस्त्यांवर पाणी येतं. म्हणजे मधे जेमतेम दीड फूट उरतो. अमावस्या किंवा पौर्णिमा असावी, चंद्र पृथ्वीच्या जवळ असावा, उन्हाळाभर तापून समुद्र फुगलेला असावा आणि वर ईशान्येचा वारा सुटावा, की तो दीड फूट संपलाच. मग आभाळ निरभ्र असतानाही गटाराच्या जाळीतून पाणी वर येतं, कारण पावसाचं पाणी नदीत सोडणाऱ्या नळांची तोंडंच पाण्याखाली जातात. त्यात मुसळधार पाऊस आला तर त्याला निघायला वाटच उरत नाही.

कोष्टक पाहायचं ते असं. नोआ या अमेरिकी सरकारी संस्थेच्या भरती-ओहोटीच्या संकेतस्थळावर ‘चार्ल्सटन, कूपर रिव्हर एन्ट्रन्स’ हे केंद्र निवडा आणि तुमच्या तारखांच्या भरतीच्या वेळा व उंची उतरवून घ्या. सगळे आकडे सहा फुटांच्या आत असतील तर निर्धास्त राहा. साडेसहाच्या वर असतील तर त्या वेळा वहीत ठळक करून ठेवा. एक लक्षात असू द्या: कोष्टकात फक्त चंद्र-सूर्याचा हिशेब असतो, वाऱ्याचा नसतो. ईशान्येचा वारा दोन-तीन दिवस लागून राहिला तर पाणी कोष्टकापेक्षा फूटभर जास्त चढू शकतं. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी नॅशनल वेदर सर्व्हिसने किनारी पुराची सूचना दिली आहे का तेही बघा. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. गुरुवारी सकाळी नऊला असेल तर रविवारी साडेअकराच्या सुमारास येईल.

यासाठी सहल रद्द करायची गरज नाही. भरतीच्या टोकाच्या आगेमागे दीड-दोन तास गाडी हलवायची नाही, एवढं पाळलं की पुरे. सिटी मार्केटचा परिसर, लॉकवूड ड्राइव्ह आणि हॅगूड ॲव्हेन्यू इथे पाणी लवकर येतं. मार्केटची जागा म्हणजे मुळात बुजवलेली खाडी आहे. १७८८ मध्ये पिंक्नी कुटुंबातल्या चार्ल्स कोट्सवर्थ यांनी ती शहराला दिली तीच मुळी तिथे बाजार भरावा या अटीवर. पाणी जुनी वाट विसरलेलं नाही. रस्त्यावरच्या पाण्यात गाडी घालू नका. ते खारं असतं. ब्रेक आणि वायरिंगचा गंज महिन्या-दोन महिन्यांनी दिसायला लागतो. चालतही जाऊ नका, त्यात गटाराचं पाणी मिसळलेलं असतं.

वादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर, त्यामुळे ऑक्टोबरही त्यात येतो. बुकिंग रद्द करता येईल असंच घ्या, थोडं महाग पडलं तरी. शहर रिकामं करायचा आदेश निघाला की हायवे २६ च्या येणाऱ्या लेनसुद्धा जाण्यासाठी वळवतात. तेव्हा बघू काय होतंय म्हणून थांबण्यात अर्थ नसतो.

मार्चच्या मध्यापासून एप्रिल संपेपर्यंत अझेलिया फुलतात. तेव्हा शहर सगळ्यात देखणं आणि सगळ्यात महाग असतं. बहुतेक वर्षी एप्रिलच्या पहिल्या शनिवारी कूपर नदीवरच्या पुलावर मोठी धावण्याची शर्यत असते आणि सकाळी पूल बंद ठेवतात. मेअखेर सुरू होणारा स्पोलेटो महोत्सव सतरा दिवस चालतो. संगीत-नाटकाची आवड असेल तर तेव्हाच जा, नसेल तर ते दिवस टाळा.

प्रश्न: सासू-सासरे भारतातून येतायत, जुलैतच जमेल. दोघं सत्तरीच्या आसपास, सासूबाईंचे गुडघे दुखतात. जावं की नको?

जावं, पण दिवसाचे दोन तुकडे करून. जुलैत पारा ३२-३३ अंश सेल्सिअसवर जातो. हवा इतकी दमट असते की घाम वाळतच नाही आणि दुपारी तीन ते सहामध्ये गडगडाटी पाऊस ठरलेला. सकाळी आठ ते साडेदहा बाहेर फिरा, मग संग्रहालय किंवा हॉटेल, आणि पुन्हा सहानंतर बाहेर पडा. दुपारी ‘एवढा एकच चौक’ म्हणून चालायला लावलं तर दुसऱ्या दिवशीची सकाळ हातची गेली समजा.

गुडघ्यांना त्रास चढावाचा नाही होणार, कारण शहर सपाट आहे. त्रास फरसबंदीचा होतो. विटांचे पदपथ ओकच्या मुळांनी उचलले गेलेत आणि चामर्स स्ट्रीटसारख्या गल्ल्यांत गोल दगड बसवलेत. सपाट, जाड तळाचे, मागून बंद बूट घालायला सांगा, चप्पल नको. कार्टा या बससेवेच्या ‘डॅश’ नावाच्या गाड्या शहराच्या मध्यभागात फुकट फिरतात. मीटिंग स्ट्रीटवरच्या व्हिजिटर सेंटरपासून बसून जा आणि शेवटचा भाग तेवढा पायी करा. वॉटरफ्रंट पार्कमध्ये पाण्याकडे तोंड करून झोपाळे आहेत. अननसाच्या आकाराचं कारंजंही तिथेच आहे. संध्याकाळी तासभर आरामात जातो.

जुन्या घरांपैकी एकन-ऱ्हेट हाउसमध्ये वातानुकूलन नाही. जुलैत ते सकाळीच उरका किंवा यादीतून काढा. बंदरातल्या फोर्ट समटर या किल्ल्याच्या बोटीवर बसायला जागा असते, पण किल्ल्यावर सावली थोडी आहे. छत्री, टोपी आणि पाणी घेतल्याशिवाय धक्का सोडू नका.

प्रश्न: हॉटेल जुन्या शहरात घ्यावं की बाहेर? गाडी भाड्याने घ्यावी का?

दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच, कारण जुन्या शहरात पैसे खातं ते पार्किंग. हॉटेलवाले गाडी लावायला रात्रीमागे वेगळे पैसे घेतात आणि ते खोलीच्या दरात दिसत नाहीत. बुकिंगच्या पानावर ‘व्हॅले’ आणि ‘सेल्फ’ पार्किंगचे आकडे शोधून, कर धरून, मगच तुलना करा. नॉर्थ चार्ल्सटन किंवा माउंट प्लेझंटमधली खोली स्वस्त दिसते खरी. पण तिथून सकाळी सात ते नऊ शहरात येताना आणि चार ते सहा बाहेर जाताना पुलावर किंवा हायवे २६ वर अडकणार, आणि शहरात पार्किंगचे पैसे द्यावे लागणार ते वेगळेच.

आमचा हिशेब असा. तीन रात्री असतील आणि पहिले दोन दिवस शहरातच जाणार असतील, तर मॅरियन स्क्वेअरच्या आसपास राहा आणि गाडी फक्त तिसऱ्या दिवसासाठी घ्या. विमानतळ साधारण बारा मैलांवर आहे. तिथून टॅक्सीने या. मुलं लहान असतील आणि समुद्रकिनाराच मुख्य असेल तर माउंट प्लेझंट बरं, सलिव्हन्स आयलंड आणि आइल ऑफ पाम्स तिथून जवळ आहेत. रविवार ते गुरुवार दर बरेच उतरतात. शुक्रवार-शनिवारी इथे लग्नांची गर्दी असते.

घरगुती खोली ऑनलाइन घेणार असाल तर जाहिरातीत शहराचा परवाना क्रमांक आहे का ते बघा. चार्ल्सटनमध्ये थोड्या दिवसांसाठी घर भाड्याने देण्यावर कडक नियम आहेत. क्रमांक नसलेलं घर ऐनवेळी रद्द झालं तर नवी खोली शोधायची वेळ तुमच्यावर येते. आणि ब्रॉड स्ट्रीटच्या दक्षिणेला रस्त्यावर गाडी लावण्याआधी फलक शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. बऱ्याच ठिकाणी रहिवाशांखेरीज इतरांना थोड्याच वेळाची मुभा आहे.

प्रश्न: तीन दिवसांत काय काय बसेल? फोर्ट समटर कोणत्या दिवशी ठेवावा?

पहिला दिवस पायी. सकाळी लवकर सिटी मार्केटपासून मीटिंग स्ट्रीट धरून दक्षिणेकडे निघा. ब्रॉड स्ट्रीटच्या चौकात नगरभवन, काउंटीचं न्यायालय, केंद्र सरकारचं न्यायालय आणि १७६१ मध्ये पुरं झालेलं सेंट मायकल्स चर्च अशा चार कोपऱ्यांवर चार इमारती आहेत. पुढे नथॅनियल रसेल हाउसमधला कशाचाही आधार न दिसणारा गोल जिना बघा. मग ‘बॅटरी’ नावाच्या पाण्याकाठच्या बांधावरून नदीकाठाने ईस्ट बे स्ट्रीटला वळा. रेनबो रोची तेरा रंगीत घरं पूर्वेकडे तोंड करून उभी आहेत. फोटो हवा असेल तर ती सकाळीच गाठा, दुपारनंतर दर्शनी भाग सावलीत जातो. त्यासाठी हा मार्ग उलटा केलात तरी चालेल. सगळं मिळून दोन-अडीच मैल होतात.

चालताना दोन गोष्टींवर नजर ठेवा. भिंतींवर लोखंडी गोल चकत्या दिसतील. ३१ ऑगस्ट १८८६ च्या भूकंपानंतर घरांतून आरपार सळया घालून भिंती आवळल्या, त्या सळयांची ही टोकं. आणि घरं रस्त्याकडे अरुंद बाजू करून उभी असतात, एक खोली रुंद आणि मागे लांबलचक. लांबीला लागून ओसरी असते, बहुतेक दक्षिणेला किंवा पश्चिमेला, वारा यावा आणि भिंतीवर ऊन पडू नये म्हणून. रस्त्यावर दिसणारं दार घराचं नसून त्या ओसरीचं असतं. लोक तिथे राहतात. फोटोसाठी पायऱ्यांवर चढू नका.

दुसरा दिवस फोर्ट समटरचा. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे धक्क्याची. बोटी दोन ठिकाणांहून सुटतात, शहरातल्या लिबर्टी स्क्वेअरवरून आणि नदीपलीकडच्या पॅट्रियट्स पॉइंटवरून. तिकीट एकीकडचं आणि माणसं दुसरीकडे, मधे पूल आणि रहदारी. तिकीट काढताना धक्का तपासा आणि अर्धा तास आधी पोचा. पैसे बोटीचे असतात, किल्ल्याला वेगळं शुल्क नाही. त्यामुळे राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास इथे उपयोगी पडत नाही. सलिव्हन्स आयलंडवरच्या फोर्ट मोल्ट्रीला मात्र चालतो. सगळी फेरी सव्वादोन तासांची, त्यातला किल्ल्यावर तासभरच. सकाळची पहिली बोट घेतली तर झेंडा चढवताना हजर राहता येतं. १२ एप्रिल १८६१ च्या पहाटे साडेचारला जेम्स आयलंडवरच्या फोर्ट जॉन्सनमधून पहिला गोळा सुटला आणि अमेरिकेचं यादवी युद्ध सुरू झालं. चौतीस तासांच्या माऱ्यानंतर किल्ला शरण आला. हे बोटीत बसण्याआधी वाचून घ्या. तासाभरात फलक वाचत बसलात तर तटावर जायचं राहतं.

परत आल्यावर लिबर्टी स्क्वेअरहून चालत जाण्याइतक्या अंतरावर इंटरनॅशनल आफ्रिकन अमेरिकन म्युझियम आहे. त्याबद्दल पुढे लिहिलंय.

तिसऱ्या दिवशी गाडी घ्या आणि एकच दिशा धरा. ॲश्ली रिव्हर रोडवर ड्रेटन हॉल, मॅग्नोलिया आणि मिडल्टन प्लेस ही जुनी प्लँटेशन, म्हणजे गुलामांच्या श्रमावर चाललेल्या मोठ्या जमीनदाऱ्या, एका रांगेत आहेत. दिवसात दोन नीट होतात, तीन होत नाहीत. दुसरी दिशा जॉन्स आयलंडची. तिथला एंजल ओक फुकट पाहता येतो. उंची साधारण ६५ फूट, पण फांद्या आडव्या पसरून जमिनीला टेकलेल्या, सावली १७ हजार चौरस फुटांची. त्याच वाटेने पुढे वॉडमलॉ आयलंडवर चहाचा मळा लागतो, अमेरिकेत असे मोठे मळे नाहीतच. तिसरा पर्याय फॉली बीच, तोही ओहोटीला. तेव्हा पुळण रुंद होते आणि पूर्व टोकापर्यंत चालत जाऊन मॉरिस आयलंडचं दीपगृह दिसतं. ओहोटीलाच खाजणातून सडक्या अंड्यासारखा वास येतो. गटार फुटलेलं नाही, त्या चिखलाचा तोच वास. त्यात पाय घालू नका. गुडघ्यापर्यंत रुतता आणि आत कालवांच्या शिंपल्या असतात, सुरीसारख्या.

प्रश्न: मुलं दहा आणि चौदा वर्षांची आहेत. प्लँटेशनच्या बागा सुंदर असतात म्हणे, पण तिथला गुलामगिरीचा इतिहास मुलांना कसा दाखवायचा?

क्रमाने. बागेपासून सुरुवात केली तर मुलांच्या डोक्यात ओकच्या कमानी आणि पांढरे खांब राहतात. बाकीचं तळटीप होऊन जातं.

आधी इंटरनॅशनल आफ्रिकन अमेरिकन म्युझियम. ते जून २०२३ मध्ये उघडलं, गॅड्सडेन्स वॉर्फच्या जागेवर. गुलाम म्हणून पकडून आणलेल्या हजारो आफ्रिकी माणसांना याच धक्क्यावर उतरवलं गेलं. ती जमीन मोकळी राहावी म्हणून इमारत अठरा खांबांवर तेरा फूट उचललेली आहे. खाली स्मृतिउद्यान आहे, त्याला तिकीट नाही. पाण्याच्या उथळ थराखाली जहाजात दाटीवाटीने निजवलेल्या माणसांच्या आकृत्या आहेत. पाणी चढतं तशा त्या झाकल्या जातात, ओसरतं तशा उघड्या पडतात. दहा वर्षांच्या मुलाला समजावून सांगावं लागत नाही. आतल्या दालनांना अडीच-तीन तास लागतात. तिकीट वेळेचं असतं, आधी काढा.

मग एकन-ऱ्हेट हाउस. हे घर डागडुजी करून चकचकीत केलेलं नाही, सापडलं तसंच राखलंय. रंग उडालेला, कागद सोललेला. मागच्या अंगणात गुलाम राहत त्या खोल्या आणि स्वयंपाकघर तसंच आहे. दिवाणखाना आणि ती खोली यांच्यातलं अंतर मुलं स्वतःच्या पावलांनी मोजतात. चामर्स स्ट्रीटवरचं ओल्ड स्लेव्ह मार्ट छोटं आहे, तासाभरात होतं. तिथे वाचायचं जास्त असल्यामुळे चौदा वर्षांच्या मुलाला ते जास्त पटेल.

शेवटी बाग. जेम्स आयलंडवरचं मॅक्लाउड प्लँटेशन आम्ही पहिलं सुचवू. तिथे माहिती गुलामांच्या बाजूनेच सांगतात आणि त्यांच्या घरांची रांग उभी आहे. मिडल्टनला गेलात तर गवताच्या पायऱ्या-पायऱ्यांचे उतार आणि खालचे तलाव हातांनी खणलेले आहेत, हे मुलांना तिथेच उभं करून सांगा. थोरल्याला रॉबर्ट स्मॉल्सची गोष्टही सांगा: गुलाम असलेल्या या खलाशाने १३ मे १८६२ च्या पहाटे ‘प्लांटर’ हे जहाज याच बंदरातून, कप्तानाची टोपी घालून, फोर्ट समटरच्या तोफांसमोरून पळवलं. पुढे तो अमेरिकी संसदेत निवडून गेला. समटरच्या बोटीत बसल्यावर ही गोष्ट दुप्पट रंगते.

सिटी मार्केटमध्ये स्वीटग्रासच्या टोपल्या दिसतील. गवताच्या जुड्या गोल गुंडाळत पाल्मेटो या ताडासारख्या झाडाच्या पातीने शिवतात. पश्चिम आफ्रिकेतून आलेलं हे कसब गला लोकांनी, म्हणजे या किनाऱ्यावरच्या आफ्रिकी गुलामांच्या वंशजांनी, टिकवलंय. लहानशा टोपलीलाही कित्येक तास लागतात, तेव्हा घासाघीस करू नका.

प्रश्न: आम्ही शाकाहारी. अंडं चालतं. तिकडे सगळं कोळंबी-खेकड्याचंच असतं का?

मासे तुम्हाला सहज ओळखू येतील. फसवतं ते डुक्कर. कॉलर्डची पालेभाजी बहुतेक ठिकाणी हॅमच्या हाडासोबत तासन्‌तास शिजवतात. लाल भातात बेकन किंवा सॉसेज असतं. चवळी-भाताच्या हॉपिन जॉनमध्येही तेच. फरसबीवरही बेकनचे तुकडे सापडतात. ग्रिट्स म्हणजे मक्याची जाडसर खीर, ती कधी पाण्यात-दुधात शिजते, कधी कोंबडीच्या रश्शात. बिस्किटात लार्ड, म्हणजे डुकराची चरबी, असू शकतं. मेन्यूवर ‘व्हेजिटेबल प्लेट’ लिहिलेलं असलं तरी त्याचा अर्थ ‘चार भाज्या’ एवढाच, शाकाहारी असा नव्हे.

म्हणून ‘व्हेजिटेरियन आहे का’ असं विचारू नका, त्याला हो म्हणणं सोपं असतं. स्टॉक, बेकन, हॅम, लार्ड यांची नावं घेऊन एकेक विचारा आणि तळणीचं तेल मासे तळलेलंच आहे का तेही विचारा. हिरव्या टोमॅटोचे तळलेले काप, पिमेंटो चीज, भेंडीचं सार हे चौकशी करून खाता येतं. रस्त्याकडेला मिठाच्या पाण्यात उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा मिळतात. त्या तुम्हाला ओळखीच्या वाटतील. घरी न्यायला बेने वेफर, म्हणजे तिळाच्या पातळ कुरकुरीत बिस्किटांचे डबे घ्या. तीळही आफ्रिकेतूनच इथे आला आणि ‘बेने’ हे नावही.

मासे खाणाऱ्यांसाठी एवढंच: कालवांचा स्थानिक हंगाम साधारण ऑक्टोबर ते मेच्या मध्यापर्यंत असतो. लोकंट्री बॉइलमध्ये कोळंबीसोबत सॉसेज असतंच. नावाजलेल्या जागी शुक्रवार-शनिवारचं टेबल तीन-चार आठवडे आधी धरावं लागतं. तेच सकाळी अकराला गेलात तर बहुधा सहज मिळतं.

प्रश्न: घोडागाडीच्या फेरीत रेनबो रो दिसेल ना?

सांगता येत नाही. एकाच गल्लीत गर्दी होऊ नये म्हणून प्रत्येक गाडीचा मार्ग निघताना सोडतीने ठरतो, गाडीवाल्याच्या हातात नसतो. ठरावीक जागा बघायची असेल तर ती पायी करा आणि घोडागाडीकडे गोष्टी ऐकायला जा. पारा ९५ फॅरेनहाइटला पोचला की जनावरं काढून घेतात, त्यामुळे उन्हाळ्यात सकाळचीच वेळ घ्या.

प्रश्न: शेजारच्या जॉर्जिया राज्यातलं सव्हाना शहर जोडून घ्यावं का?

पाच रात्री असतील तर घ्या. गाडीने दोन तासांचा रस्ता आहे. ॲमट्रॅकची पाल्मेटो गाडीही जाते, फक्त चार्ल्सटनचं स्टेशन जुन्या शहरात नसून नॉर्थ चार्ल्सटनमध्ये आहे. १७३३ मध्ये आखलेल्या सव्हानाचे बावीस चौक आजही शिल्लक आहेत आणि झाडांच्या सावलीतून एका चौकातून दुसऱ्यात जाणं हीच तिथली सहल. तीनच रात्री असतील तर एक शहर निवडा. सकाळी जाऊन संध्याकाळी परत येणाऱ्यांना दोन्हीकडची पार्किंगची तिकिटं तेवढी आठवतात.